स्पीकरखालची जागा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले. आमच्या शेजारची माय गेली त्याला महिना झाला होता आणि चर्चमध्ये तिच्या महिन्याच्या मिसला, म्हणजे प्रार्थनेला, आई आणि मी गेलो होतो. माय म्हणजे तिच्या घरच्यांचीच नव्हे, सगळ्या वाड्याची, म्हणजे आमच्या वस्तीची, माय, आमचं घर हिंदू आणि तिचं ख्रिश्चन असलं तरी चवथीला नेवऱ्या आमच्याकडून तिच्याकडे आणि नाताळात दोदोल तिच्याकडून आमच्याकडे, हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलेलं. त्यामुळे तिच्या मिसला जायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी साडेपाचला आम्ही छत्र्या दाराशी ठेवून आत गेलो. बाहेर आपल्या गोव्याचा असतो तसा पाऊस, सकाळपासून एका लयीत, आणि आत एसीचा गारवा, एलईडीचा पांढरा उजेड, आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, दोन्ही बाजूंना दोन मोठे स्क्रीन आणि त्यावर गाण्याचे शब्द. फादर बोलायला उभे राहिले, मायचं नाव घेतलं आणि त्याच क्षणी लाईट गेली.

म्हणजे सगळंच गेलं. माईक गेला, एसी गेले, स्क्रीन गेले. जनरेटर नेमका दुरुस्तीला दिलेला. काळोख तरी किती, तर समोरच्या बाकावरच्या माणसाचं डोकं दिसेना, आणि बाहेर तेव्हा चांगला उजेड होता बरं का, पावसाळी असला तरी संध्याकाळचा उजेड होता, पण खिडक्यांना काळ्या काचा आणि एसीसाठी त्या गच्च बंद केलेल्या. एसीची घरघर थांबल्यावर कळलं की आपण इतका वेळ ती ऐकत होतो. मग एकेक करून मोबाईलचे टॉर्च लागले आणि मला दिसलं की ते दोन काळे झालेले स्क्रीन आता आरशासारखे झालेत, त्यांच्यात आम्हीच सगळे दिसतोय, हातात एकेक ठिपका धरून बसलेले. फादर जरा वेळ थांबले, मग वरच्या आवाजात काहीतरी म्हणाले ते मागे पोचलंच नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "मायक नाका, गायात." आणि त्यांनी गायला सुरुवात केली.

गाणं मला माहीत होतं, मायच्या घरी अंगणातल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदिन म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना व्हायची तेव्हा लहानपणापासून ऐकलेलं. पण ते उठेना. पन्नास-साठ बायका गात होत्या आणि तरी असं वाटत होतं की प्रत्येक जण एकटीच गातेय, आवाज तोंडातून निघायचा आणि तिथेच विरायचा, भिंतींना लावलेल्या त्या मऊ पॅनेलमध्ये, वरच्या फॉल्स सीलिंगमध्ये कुठेतरी जिरून जायचा. सात-आठ मिनिटांत आत इतकं उकडायला लागलं की कोणीतरी उठून बाजूचे दरवाजे उघडले. पावसाचा आवाज आणि ओल्या मातीचा वास एकदम आत आला. आणि मी बघत होते की बघायचं कुठे. देवळात दिवे गेले तरी समईची ज्योत असते, नजर तिथे जाते. इथे आल्तारावर मेणबत्त्या होत्या, पण त्यासुद्धा बॅटरीच्या, आणि त्या मात्र लाईट गेल्यावरही तशाच लुकलुकत होत्या, सगळ्या एकाच तालात.

मला नजर ठेवायला जागाच सापडेना.

घरी येताना आई काही बोलली नाही. लाईट रात्री नऊपर्यंत आली नाही. सातच्या सुमाराला आई दोनदा अंगणात जाऊन आली आणि मला म्हणाली, "घंटा झाली नाही का गं अजून?" तेव्हा लक्षात आलं की नव्या चर्चच्या मनोऱ्यात जुनीच घंटा आहे पण ती आता मोटरवर वाजते, टायमर लावलेला आहे, दोरी काढून टाकली. आमच्या घरात तिन्हीसांजेचा दिवा आजीच्या काळापासून आंजेलुसच्या, म्हणजे चर्चच्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या, घंटेवर लागतो. "घंटा झाली, दिवा लाव" हे आजीचं वाक्य, यात तिला कधी काही वेगळं वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. त्या दिवशी तुळशीपुढचा दिवा उशिरा लागला.

आता जुन्या कपेलाबद्दल, म्हणजे आधीच्या छोट्या चर्चबद्दल, सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं नुसतं रडगाणं वाटेल. आठ-नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच जागी आमच्या वाड्याचं जुनं कपेल होतं, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही दोघी-दोघी मैत्रिणी पाय वर घेऊन बसायचो. खिडक्यांना काचा नव्हत्या, शिंपल्यांची तावदानं होती, ते चपटे पातळ शिंपले लाकडाच्या चौकटीत खवल्यासारखे बसवलेले. त्यातून बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त उजेड यायचा, आणि तो उजेड कसा तर दुधात हळदीचा एक थेंब पडल्यासारखा. भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत गेलं तरी डोळे दिपायचे नाहीत आणि पावसाळ्यात अगदी काळोख करून आलं तरी समोरचं माणूस दिसायचं. फेस्ताच्या, म्हणजे कपेलाच्या सणाच्या, आधी पोरं शिड्या लावून चुना मारायची, त्या ओल्या चुन्याचा वास, आणि वटवाघळांचा, आणि जुन्या लाकडाचा. आणि आवाज! तिथे चार बायका गायल्या तरी चाळीस गातायत असं वाटायचं. आम्ही पोरं मुद्दाम आत जाऊन "ओ" करायचो आणि तो "ओ" वर माळ्याला जाऊन फिरून परत येईपर्यंत थांबायचो.

त्यामुळे लाईट गेली त्या रात्री माझं मत तयारच होतं. जुनं ते देवाचं घर आणि नवं ते मशीन. महिनाभर मी हेच धरून बसले होते, दोन-तीन जणांना तावातावाने सांगितलंही. पण नंतर हळूहळू वाचायला लागले, व्हिडिओ बघायला लागले, एक-दोनदा जुन्या गोव्याला जाऊन नुसती बसून आले, आणि ते मत मला धड धरताही येईना आणि सोडवतही नाही.

कारण मशीन तेव्हाही होतंच की. चुना बघा. आपल्याकडे किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे, म्हणजे खिडकीतही शिंपला आणि भिंतीवरही शिंपला. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो, वारा लागला की घट्ट होतो, पण त्याच्या अंगाला सगळी भोकं, पाऊस पिऊन बसतो. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशा दगडाची चार-पाच मजली भिंत उभी करायची तर तिला चुन्याचा अंगरखा लागतो, जो पाणी आत येऊ देत नाही पण आतली ओल बाहेर सोडतो. पांढरी शुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च, म्हणून आपण कॅलेंडरवर जी बघतो तो काही नुसता शोभेचा रंग नाही. हे मला नीट कळलं ते जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या बाहेर उभी असताना. १५९४ ला काम सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही बासिलिका, आपल्याला ती लालसर, उघड्या दगडाचीच माहीत, सगळ्यांच्या लग्नाच्या आणि सहलीच्या फोटोत तशीच. पण ती साडेतीनशे वर्षं गिलाव्यातच होती. १९५० च्या दशकात पोर्तुगिजांनी तो गिलावा काढला, जुनं ते जुनं दिसावं म्हणून, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तो दगड झिजतोय. परत गिलावा करा अशी मागणी होते तेव्हा लोक म्हणतात की मग ती आमची बासिलिका वाटणार नाही. मला दोन्हीकडचं समजतं. पण बोटाने त्या भिंतीला हात लावला आणि तांबडी रेव बोटावर आली तेव्हा पोटात कालवलं. कोणाला तरी दगड सुंदर दिसला म्हणून दगडाचं संरक्षण काढून घेतलं. म्हणजे तंत्र फक्त नव्याचंच चुकतं असं नाही, जुनेपणाच्या हौसेपायीही चुकतं.

तिथेच आत डाव्या-उजव्या नजरेने बघत बसले असताना लाकडी पुल्पिटकडे, म्हणजे फादर वर चढून बोलायचे त्या उंच जागेकडे, लक्ष गेलं. कोरीव काम तर आहेच, आपल्याच इकडच्या कारागिरांचा हात त्यात ओळखू येतो, पण वर ते छत्रासारखं छप्पर असतं ना, ते मी आजवर नुसतं मानाचं छत्र समजत होते, पालखीवर असतं तसं. ते आवाजासाठी आहे. बोलणाऱ्याचा आवाज वर उंच छतात हरवून जाऊ नये, त्या फळीवर आपटून लोकांकडे जावा म्हणून. म्हणजे तो त्या काळचा स्पीकरच. एवढ्या मोठ्या दगडी पोकळीत आवाज तीन-चार सेकंद रेंगाळतो, गाणं असेल तर तो रेंगाळणं म्हणजे सोनं, एक सूर दुसऱ्यावर चढतो आणि अंगावर काटा येतो, पण बोलणं असेल तर एका शब्दावर दुसरा शब्द सांडतो आणि सगळा काला होतो. म्हणून त्यांनी बोलणाऱ्याला भिंतीच्या मध्यावर वर चढवला, डोक्यावर फळी दिली, आणि तो सावकाश, शब्द तोडून बोलायचा.

आणि बाकीची मिस तर लॅटिनमध्येच. लॅटिन कोणाला कळत होतं, घंटी वाजली की गुडघ्यावर बसायचं, धूप, गाणं, आल्ताराचं सोनं. शब्द कळायची गरजच नव्हती, म्हणून इमारत गाण्यासाठी बांधलेली चालत होती. गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, सुरू झाली, १९६२ ते १९६५, त्यात ठरलं की लोकांच्या भाषेत मिस करता येईल, आणि लोकांकडे पाठ करून उभा राहणारा फादर पुढे लोकांकडे तोंड करायला लागला. आल्तारासमोर वेगळं टेबल आलं. इकडे कोकणी आली. आता शब्द कळले पाहिजेत. जगभर त्या सुमाराला चर्च बांधायची पद्धतच बदलून गेली, लांबलचक बोळासारख्या इमारतीऐवजी पंख्यासारखी, सगळ्यांना जवळ घेणारी जागा हवी झाली, आणि सिमेंट-सळीने मधले खांब काढून टाकणं जमायलाही लागलं होतं. आणि माईक आला. पुल्पिट तिथेच राहिलं, रिकामं, आता त्यावर कोणी चढत नाही.

हे सगळं समजल्यावर आमच्या नव्या चर्चकडे बघायची नजर जरा बदलली, पण राग गेला नाही. कारण नवीन बांधायचं म्हणजे असंच बांधायचं असं कुठे आहे? काँक्रीटमध्ये देवासाठी जागा करता येत नाही असं मला आता कोणी सांगू नये. फ्रान्समध्ये रोंशांला ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने टेकडीवर एक छोटं चर्च बांधलं, १९५५ ला पूर्ण झालं. त्याचं छप्पर त्याला खेकड्याच्या कवचावरून सुचलं, समुद्रकिनाऱ्यावर सापडलेलं कवच त्याने टेबलावर ठेवलं होतं म्हणे. बघा, पुन्हा समुद्रातलंच. दोन पातळ काँक्रीटचे पापुद्रे आणि मध्ये पोकळी, एवढं जड दिसणारं छप्पर, आणि ते भिंतीवर टेकलेलंच नाही! भिंत आणि छप्पर यांच्यात दहा सेंटीमीटरची फट आहे, आतून पाहिलं तर उजेडाची रेघ दिसते आणि अख्खं छप्पर तरंगतंय असं वाटतं. आत लपलेल्या बारीक खांबांवर ते उभं आहे. हे करायला काँक्रीट पाहिजे, हिशेब पाहिजे, हे दगडात झालंच नसतं, पण आत बसलेल्या माणसाला दिसते ती फक्त उजेडाची रेघ. छपरावरचं सगळं पावसाचं पाणी मागच्या बाजूच्या एका मोठ्या नळीतून खाली टाकीत पडतं. पावसाला कुठे जाऊ द्यायचं हे त्याने इतक्या प्रेमाने ठरवलंय की आमच्या चर्चच्या भिंतीवरून खाली आणलेले ते पीव्हीसी पाईप मला आता बघवत नाहीत.

आणि जपानमध्ये इबाराकीला तादाओ आंदो या वास्तुविशारदाचं एक चर्च आहे, १९८९ चं, पैसे इतके कमी की बाकं आणि जमीन बांधकामाच्या परांचीच्या फळ्यांची केली. खोकं आहे नुसतं, उघड्या काँक्रीटचं, आत काळोख. आणि आल्तारामागच्या भिंतीत आडवी आणि उभी एक चीर, भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे खुरीस तिथे ठेवलेला नाही, भिंत जिथे नाही तो खुरीस. बाहेरचा उजेड तेवढाच आत येतो. मी मोबाईलवर पाहिलं, रात्री एक वाजता, आमच्या खोलीत पंखा फिरत होता आणि मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. आंदोला त्या चिरेत काच नको होती. वारा, थंडी, पावसाचा आवाज सगळं आत यावं असं त्याचं म्हणणं. पण तिथे येणारी माणसं म्हणाली, थंडीत आम्ही बसायचं कसं? आणि काच बसली. पुढे २०१७ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात त्याने त्याच चर्चची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली तेव्हा मात्र ती फट बिनकाचेची ठेवली. इतकी वर्षं त्याच्या मनात ते राहिलं असणार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पूर्णपणे आंदोच्या बाजूने होते. आता तेवढी नाही, ते का ते पुढे सांगते.

एवढ्या लांब कशाला, दादरला बघा ना. पोर्तुगीज चर्च हा बसस्टॉप मुंबईला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात आहे, माझी मामी गोखले रोडला राहायची, मी त्या स्टॉपवर शंभरदा उतरले असेन. आणि ते चर्च मी कधी बघितलंच नव्हतं! १९७७ मध्ये पूर्ण झालेलं ते चर्च वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं, म्हणजे आपल्या गोव्याच्या मुळांच्या माणसाचं, ज्यांनी पणजीची कला अकादमी केली तेच. मध्यंतरी मुंबईला गेले तेव्हा मुद्दाम आत गेले. वर काँक्रीटचे उंच निमुळते घुमट, उजेड त्यांच्या टोकातून खाली येतो, आणि मध्येमध्ये उघडे चौक, म्हणजे तुम्ही आतून बाहेर आणि बाहेरून परत आत येता आणि नेमकं चर्च कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. मला एकदम जुन्या मोठ्या घरातला चौक आठवला, आणि देवळाचा सभामंडप. आणि कला अकादमी आठवली, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातून नाटक बघून बाहेर आलं की दार असं नसतंच, पायऱ्या उतरत उतरत तुम्ही मांडवीच्या वाऱ्यात असता. दादरच्या त्या गर्दीत, हॉर्न ऐकू येत असताना, तिथे माणसं शांत बसली होती. पंखे होते, माईक होता, ट्यूबलाईटही होत्या. पण त्या बंद होत्या, दुपारी लागतच नव्हत्या.

हे मी सगळं वाड्यावर बोलून दाखवलं, बांधकामाच्या कमिटीत असलेल्या एका काकांना तर फोनवर फोटोच दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे बघितले. म्हणाले, छान आहे, पण बाळा, आमच्याकडे जेवढे पैसे जमले त्यात कौलांचे वासेही झाले नसते. जुन्या कपेलात वाळवी होती, पावसात मिसला लोक छत्री उघडून बसायचे, शिंपल्यांची तावदानं फुटली की बदलून देणारा कोणी उरला नव्हता. हे खरंच होतं. मला आठवण फक्त दुधाळ उजेडाची होती, बादल्या ठेवलेल्या होत्या त्या मी विसरले होते. आणि मी कोण बोलणारी, आमच्या देवळात काय वेगळं झालंय? गर्भगृहाला ग्रॅनाईट, बाहेर रंग बदलणाऱ्या माळा, आणि आरतीला नगारा, झांज, घंटा एकत्र वाजवणारं ते मशीन. बटण दाबलं की सुरू. आरतीला माणसं नव्हती म्हणून आणलं, आणि मशीन आल्यावर जी चार पोरं झांज वाजवायला यायची तीही यायची बंद झाली. तिथे मला कधी इतका राग आला नव्हता. शेजारच्या घरातलं लवकर दिसतं.

मग ऑगस्टच्या शेवटी, चवथीच्या नेवऱ्या घेऊन मी मायच्या घरी गेले. पहिल्यांदाच ती नसताना. तिची सून स्वयंपाकघरात होती, डबा घेतला आणि रिकामा परत द्यायचा नाही म्हणून काहीतरी शोधत बसली, आणि बोलता बोलता मी त्या संध्याकाळचा विषय काढला. म्हटलं किती वाईट वाटलं, मायच्याच मिसला असं व्हावं, जुन्या कपेलात असतं तर गाणं कसं घुमलं असतं. ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, मायला जुन्या कपेलात काही ऐकूच यायचं नाही.

मला माहीत नव्हतं. म्हणजे माय कानाने कमी झाली होती हे माहीत होतं, तिच्याशी आम्ही ओरडूनच बोलायचो. पण मिसबद्दल मी विचारच केला नव्हता. सून सांगायला लागली की शेवटची दहा-बारा वर्षं माय जुन्या कपेलात जायची ती जपमाळ घेऊन, कारण फादर काय बोलतात त्यातला एक शब्द तिला लागत नव्हता, नुसता गोंगाट व्हायचा, गाणंसुद्धा तिला सगळं एकात एक मिसळून ऐकू यायचं. कानाचं मशीन लावलं तर आणखी गोंगाट. नवं चर्च झालं आणि पहिल्या रविवारी ती डावीकडच्या भिंतीजवळ, स्पीकरच्या बरोब्बर खाली बसली. घरी येऊन म्हणाली, "थंय बसल्यार म्हाका सगळें आयकूं येता." फादरांनी वाचलेली गोष्ट तिने त्या दिवशी जेवताना सगळ्यांना परत सांगितली, कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं. त्यानंतर ती जागा तिची. कोणी दुसरं बसलं तर उभी राहायची पण हलायची नाही. आणि माईक-स्पीकरसाठी वर्गणी काढली होती तेव्हा तिने तिच्या पेन्शनमधून सगळ्यात आधी दिले होते, कोणाला न सांगता.

मी डबा घेऊन घरी आले. आत काहीतरी उलटंपालटं झालं होतं. ज्या पॅनेलनी त्या संध्याकाळी गाणं गिळलं त्याच पॅनेलनी तिला शब्द दिले होते. दोन्ही एकाच भिंतीने केलं. मला जे घुमणं हवं होतं ते तिच्यासाठी गोंगाट होतं, आणि मी माझ्या लहानपणीच्या चांगल्या कानांनी तिच्या देवळाचा निकाल लावत बसले होते.

म्हणून आता आंदोच्या काचेचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. ज्या माणसांना दर रविवारी तिथे बसायचंय त्यांनी मागितलेली काच आहे ती. तरीपण, आणि हे तरीपण माझ्याकडून सुटत नाही, ती चीर आधी आंदोने कापली होती, काच नंतर बसली. उजेड आधी, सोय मग. आमच्याकडे सोय आली आणि उजेडाला कोणी विचारलंच नाही. दक्षिणेकडची भिंत उघडी ठेवून वर जाळीचे चिरे लावले असते तर पैसे वाढले नसते, कमीच झाले असते. आल्तारामागे एक उभी फट ठेवायला कसला खर्च होता? गाण्यासाठी कोरच्या, म्हणजे गाणाऱ्या मंडळींच्या, मागची तेवढी एक भिंत कडक ठेवता आली असती, आणि बाकी मऊ. एक दोरी घंटेला राहू देता आली असती. टायमर राहू दे, पण दोरीही. मी हे कमिटीच्या काकांना पुन्हा जाऊन सांगितलं, या वेळी फोटो न दाखवता, आणि मायची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, जाळीचं बघूया, एक खिडकी काढून. दोरीचं ऐकून मात्र गप्प झाले आणि मग म्हणाले, ओढायला कोण येणार? मी म्हटलं आमच्या घरातून येईल कोणीतरी. म्हणताना मला वाटलं नव्हतं पण म्हटल्यावर वाटलं की हो, मी जाईन.

गेल्या आठवड्यात एका दुपारी चर्च उघडं दिसलं म्हणून आत गेले. कोणी नव्हतं, एसी बंद, स्क्रीन बंद, एकच ट्यूब लागलेली. डावीकडे भिंतीजवळ, स्पीकरच्या खाली जाऊन बसले. मायच्या जागेवर. बाकाच्या कडेला लाकूड घासून गुळगुळीत झालंय, उठताना ती तिथे हात टेकत असणार. वर तो काळा डबा, त्याच्यातून अगदी बारीक घुंऽऽ असा आवाज येत होता, चालू होता म्हणजे. मी तो ऐकत बसले. पाच मिनिटांनी कोरमधला एक मुलगा आला, चौदा-पंधरा वर्षांचा, गिटार पाठीला, मला बघून जरा लाजला, मग माईकजवळ गेला. टकटक केलं. "हॅलो. एक, दोन, तीन." माझ्या डोक्यावरून तो आवाज इतका स्वच्छ आला की त्याने मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "आयकूं येता?"

मी हात वर करून येतंय म्हणून सांगितलं.

मग त्याने माईक बाजूला केला, गिटार काढली, आणि माईकशिवायच ते लदिनीचं गाणं हळू आवाजात लावलं.